सहावी मुदतवाढ आणि चूलबंद आवतन

दिग्रस,
अधिवेशन संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी

मी गल्लीच्या मधोमध स्कूटर आडवी लावली तोवर अमिनाबीची सात घरं झाली होती. आठव्या दारापुढे ती उभी होती. आत जात नव्हती, बसत नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच सांगत होती, अकरा जानेवारी, रविवार, मेहनाजचा निकाह, चूलबंद. एवढं सांगून नवव्या दाराकडे वळत होती. हातात पत्रिका नाही, यादी नाही, आकडा तर नाहीच. मी स्कूटरवरून उतरलो नाही. उतरलो असतो तर ती बाजूने निघून गेली असती.

"मंधात काहून उभे राह्यले?"

मी म्हटलं, जरा थांब.

"कायदा आला काय तुमचा?"

"नाही आला अजून."

"मंग गाडी सरकवा."

मी बायकोपुढून गाडी सरकवली, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो.

देवरावभाऊ, नमस्कार वरच राहून गेला, तो इथे घ्या. तुम्हाला जयभीम, तुळसावहिनींना सलाम, रोशन आणि दीपाला आशीर्वाद. (समोर असता तर तू म्हटलं असतं. पण विधानमंडळाच्या समिती शाखेतल्या कक्ष अधिकाऱ्याला कागदावर तू लिहिताना हात अडखळतो, मग तो माझ्या शेजारी बाकावर बसून सहा वर्षं माझी पेन्सिल चघळत असला तरी.) गुडघा कसा आहे? नागपूरची थंडी गुडघ्याला वाईट. वहिनींची साखर कितीवर आहे ते कळवा, आणि खरी कळवा. इकडे आम्ही सर्व ठीक. कापसाच्या जिनिंगचा हंगाम जोरात आहे, मी निवृत्त झालो तरी रोलर अडकला की मलाच बोलावतात, आणि मी जातो, कारण मला नाही म्हणता येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

तुम्हाला आमच्या थोरल्या लेकीचं, तमन्नाचं लग्न आठवत असेल. त्या लग्नात मी राजूरच्या मावसभावाला आवतन द्यायचं विसरलो. खाणीतली त्याची पाळी बदलली होती, तो घरी भेटला नाही, शेजारी निरोप ठेवला, शेजारी विसरला. नऊ वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही. बसमध्ये समोरच्या सीटवर बसून वणीपर्यंत खिडकीबाहेर बघत आला होता. तेव्हापासून मी ठरवलं होतं की धाकट्या मेहनाजच्या वेळी कोणी सुटता कामा नये. आणि कोणी सुटू नये असं ठरवलं की आकडा कुठे थांबवायचा ते कळत नाही. जिनिंगमधले तीनशे, सासरवाडी, आजोळ, पुसदचे, आर्णीचे, शिवाय ज्यांच्या घरी आपण जेवलो ते सगळे. मी जन्मभर लोकांच्या घरी फार जेवलो, भाऊ.

अशात दोन वर्षांपूर्वी तुमचं विधेयक आलं. विवाह समारंभातील पाहुण्यांची संख्या नियमित करण्याबाबत. दोन्ही बाजू मिळून दोनशे. मी बातमी तीनदा वाचली आणि मला फार शांत वाटलं. कायद्यावर कोणी रुसत नाही. मावसभावाला सांगता आलं असतं, बाबा, मी तर तुला बोलावणार होतो, पण सरकार. मेहनाजची मंगनी त्याच महिन्यात झाली होती. आसिम तुम्ही पाहिला आहे, आर्णीला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, कमी बोलतो. त्याचे वडील अफरोजभाई यांना मी दबकत म्हटलं, की कायदा येऊ घातला आहे, तर निकाह त्यानंतर करावा का, उगाच बेकायदेशीर नको. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या दुकानी चाळीस गावांची गिऱ्हाइकं, आणि पाच भावांच्या पाच सासरवाड्या. बिचारे माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. तर असं ठरलं. कायदा आधी, तारीख मग.

मग विधेयक समितीकडे गेलं. अहवाल पुढच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी यायचा होता, तशी आम्ही मंगल कार्यालयात चौकशी करून ठेवली. त्या दिवशी मी मोबाइलवर सभागृहाचं कामकाज लावून बसलो. समितीप्रमुख उभे राहिले, अहवाल सादर करण्यास पुढील अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदतवाढ देण्यात यावी असं म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, होय, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, शांतता, होयचे बहुमत आहे. मी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद. देवरावभाऊ, चाळीस सेकंदांत मी रोलरचा एक बोल्ट काढू शकत नाही. मी अफरोजभाईंना फोन केला, तेही तेच पाहत होते. आम्ही दोघांनीही निकाहाला मुदतवाढ दिली. आम्हाला तर दहा सेकंदही लागले नाहीत.

अशा पाच झाल्या. (तुम्हाला मोजून सांगायची गरज नाही, प्रस्तावाचा मसुदा तुमच्याच हातचा असतो. भाषा दर वेळी तीच असते, फक्त अधिवेशनाचं नाव बदलतं. एकदा ते बदलायचं राहिलं होतं असं तुम्हीच सांगितलं होतं, मी कोणाला बोललो नाही.) एकदा सदस्यांना सवड झाली नाही. एकदा लोकांच्या सूचना कमी आल्या म्हणून सूचनांची मुदत वाढवली, आणि सूचनांची वाढवली म्हणून समितीची वाढवली. यात मी तुम्हाला दोष देत नाही. दोष माझ्या घरातला आहे. चौथी मुदतवाढ अमिनाबीमुळे झाली, आणि त्या अर्जाचं अक्षर माझं होतं.

झालं असं. सूचना मागवल्याची जाहिरात मी तिला वाचून दाखवली. ती कणीक मळत होती. म्हणाली, माणसं कायले मोजता? चुली मोजा. मग म्हणाली, लिहा. मी लिहिलं, कारण मला नाही म्हणता येत नाही, आणि शिवाय मला खात्री होती की या सूचना कोणी वाचत नाही. तिने सांगितलं ते असं, की आमच्याकडे आवतन माणसाला नसतं, चुलीला असतं. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. म्हातारी, पाळण्यातलं पोर, भाडेकरू, आलेला पाहुणा, सगळे मांडवात. किती येतील ते त्या घरच्यालाही माहीत नसतं. म्हणून कायद्यात दोनशे माणसं असं आहे तिथे दोनशे चुली असं वाचावं. खाली तिने सही केली. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि घरात दोन दिवस शांतता मिळाली.

तुम्ही वाचलंत. संपूर्ण जिल्ह्यातून हाताने लिहिलेली ती एकच सूचना होती म्हणे. आणि समितीने अमिनाबी शेख, राहणार दिग्रस, यांना यवतमाळला साक्षीसाठी बोलावलं. मी तिच्याबरोबर बसने आलो. तुम्ही समितीच्या मागे कोपऱ्यात वही घेऊन बसला होता आणि मला ओळख दाखवली नाही. ते योग्यच केलं. पण तुम्ही सभागृहात होता, स्वयंपाकघरात नव्हता, म्हणून तिथलं सांगतो.

समितीचे सदस्य अकरा. जेवण चाळिसांचं केलं होतं. आले त्रेसष्ट. स्वीय सहायक, चालक, चालकांचे ओळखीचे, बंदोबस्ताचे, शिवाय दोन गृहस्थ ज्यांना कोणीच ओळखत नव्हतं पण ते सर्वांना नमस्कार करत होते. स्वयंपाकी डोक्याला हात लावून बसला. अमिनाबीची साक्ष जेवणानंतर होती. तिला बाहेर बाकावर बसवलं होतं, ती उठली, आत गेली, साडीचा पदर खोचला, वरणात आधण ओतलं, फोडणी वाढवली, भात दुसऱ्यांदा चढवला, आणि पापड अर्धे करून वाढायला लावले. सगळे जेवले. समितीप्रमुखांनी वरणाची चौकशी केली. (ते समुद्राकडचे, सभ्य गृहस्थ. तिकडे चूलबंद म्हणजे काय हे माहीत नसतं, आणि त्यांनी ते कबूल केलं, हे मला आवडलं.) मग साक्ष. तिला विचारलं, बाई, पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा असू नये असं आपलं म्हणणं आहे का?

ती म्हणाली, "साहेब, कागदावर तुम्ही अकरा होते. जेवले त्रेसष्ट. यातल्या कोनाले उठवाचं होतं ते सांगा, मी उठवते."

तुमची वही थांबली होती, मी पाहिलं.

त्यानंतर चर्चा झाली ती तुमच्याकडे लिहिलेली आहेच. गॅसची शेगडी चूल धरावी का. एका घरात दोन भाऊ आणि दोन शेगड्या असतील तर काय. वसतिगृहाची चूल एक धरली तर मुलं तीनशे. एका सदस्यांनी आपल्या पुतण्याच्या लग्नात सहा हजार जेवले हे सांगितलं आणि मग ते कामकाजातून काढून टाकावं अशी विनंती केली. शेवटी चूल या संज्ञेचा अभ्यास करणं आवश्यक ठरलं, आणि अभ्यासाला वेळ लागतो, म्हणून मुदतवाढ. बसमध्ये परतताना मी अमिनाबीला म्हटलं, तुझ्यामुळे मुलीचं लग्न चार महिने पुढे गेलं. ती म्हणाली, माह्यामुळे नाही. मी विचारलं, मग कोणामुळे? तिने आर्णी येईपर्यंत उत्तर दिलं नाही, आणि आर्णी आल्यावर तिला उसाचा रस हवा होता.

पाचवी मुदतवाढ झाली तेव्हा पाऊसकाळ होता. अफरोजभाई आमच्याकडे आले होते. आसिम सोबत होता. आम्ही दोघे व्याही भजे खात होतो आणि म्हणत होतो की आता काय, डिसेंबरच. मेहनाज चहा घेऊन आली. (ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, उभ्याने बोलायची सवय आहे.) चहा ठेवला आणि तिथेच उभी राहून म्हणाली, अकरा जानेवारी, रविवार, असा प्रस्ताव आहे. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. स्वयंपाकघरातून अमिनाबी होय म्हणाली. आसिम, जो कमी बोलतो, होय म्हणाला. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. अफरोजभाईंच्या तोंडात भजे होते. माझ्या तोंडात नव्हते, पण मला ते म्हणता येत नाही हे तिला माहीत आहे. होयचे बहुमत आहे, ती म्हणाली, आणि साखर आणायला गेली. दोन वर्षं मी घरात ते कामकाज मोठ्या आवाजात लावून बसायचो, त्याचं हे फळ.

तर आता वस्तुस्थिती अशी. लग्नाला महिनाही उरला नाही. कार्यालय ठरलं, काजी ठरले. आणि अमिनाबी कालपासून चूलबंद देत सुटली आहे. दोन गल्ल्या झाल्या, तिसरी चालू आहे. परवा फोनवर तुम्ही म्हणालात की या वेळी अहवाल छापून तयार आहे, उद्या शेवटच्या दिवशी सादर होईल असं दिसतं. देवरावभाऊ, तो होऊ द्या. उद्याच होऊ द्या. कोणी मुदतवाढीचा कागद पुढे केला तर तो फायलीखाली सरकवा, त्यावर चहा सांडा, काहीही करा. अहवाल आला, विधेयक संध्याकाळी मंजूर झालं, की मी तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर पुन्हा आडवी लावीन आणि या वेळी सरकवणार नाही. दोन वर्षं मी याच एका दिवसाची वाट पाहिली. फोन करत नाही, कारण अधिवेशनात तुम्ही तो उचलत नाही, आणि घरी भिंतींपेक्षा अमिनाबीचे कान जवळ आहेत. हे पत्र नागपूरच्या सकाळी सहाच्या गाडीच्या वाहकाकडे, देवसिंगकडे, देतो आहे. तो गुडघ्यासाठी तेलही आणेल. ते लावा, पिऊ नका.

वहिनींना पुन्हा सलाम.

एकाच बाकावरचा तुमचा,
रहेमान मिस्त्री

ता. क. पत्र बंद करण्याआधी वाटलं की तयारी असावी, उद्या कायदा आला तर यादी हाताशी हवी. म्हणून दोनशेची यादी करायला बसलो. आमच्या वाट्याला शंभर. माझे भाऊ, त्यांची मुलं, सुना, एक्केचाळीस. अमिनाबीचं माहेर, फार कापून, अडतीस. जिनिंगमधले तीनशेपैकी चौदा. (ते चौदा कसे निवडले ते विचारू नका, मला त्या लोकांच्या शेजारून रोज जावं लागतं.) काजी, मुलीतर्फे निकाहाचे वकील आणि दोन गवाह, चार. झाले सत्त्याण्णव. गल्ली तर यात नाहीच. उरल्या तीन जागा, आणि तुमच्या घरात माणसं चार.

वहिनींना वगळता येत नाही. मेहनाज झाली तेव्हा त्या अकरा दिवस आमच्या घरी होत्या. दीपाला वगळलं तर मेहनाज मांडवात बसणार नाही, तीन वर्षं यवतमाळच्या एका खोलीत राहिल्या दोघी. रोशनला वगळावं तर गाडी कोण चालवणार. असं करत मी तुमचं नाव खोडलं. रेघ सरळ आली. मेहनाज कामावरून आली, तिने कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला.

"अब्बा, हा कायदा तुमाले लोकायसाठी पाह्यजे होता का तुमच्यासाठी?"

मी उत्तराला मुदत मागितली. ती हसली नाही, पण तिने दिली.

तेव्हा वरचं सर्व रद्द समजावं. अहवाल उद्या येऊ नये. काहीही करून सहावी मुदतवाढ मिळवा. चुलीचा अभ्यास अपुरा राहिला म्हणा, वसतिगृहाचं काय ते पुन्हा काढा, नाहीतर सहा हजार जेवणाऱ्या सदस्यांना बोलायला उभं करा. फक्त अकरा जानेवारी पार पडू द्या. (राजपत्रात यायला वेळ लागतो, घाबरू नका, असं तुम्ही म्हणाल. पण दोन वर्षं लांबलेली गोष्ट नेमकी आपण निर्धास्त झालो की होते, हे मी यंत्रांमध्ये पाहिलं आहे.) आणि चहा फायलीवर सांडू नका. अहवालावर सांडा.

दुसरा ता. क. मावसभावाला फोन केला. त्याने उचलला. मी अकरा जानेवारी म्हटलं, चूलबंद म्हटलं. पलीकडे खाणीतल्या कन्व्हेयरचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, आमच्याकडे आता दोन शेगड्या आहेत, पोरगा वेगळा झाला. मी म्हटलं, दोन्ही बंद ठेव.

तिसरा ता. क., दुसऱ्या दिवशी दुपारी. देवसिंगची गाडी सहाला गेली. पाकीट माझ्या खिशात राहिलं, कारण लोक कामावर निघायच्या आत अमिनाबीला तिसरी गल्ली पूर्ण करायची होती, आणि स्कूटर मी चालवत होतो. ती प्रत्येक दारापुढे उतरत होती, मी थांबत होतो. साडेअकराला मोबाइल लावला. समितीप्रमुख उभे राहिले. मुदतवाढ मिळाली, पुढील अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, एकोणचाळीस सेकंद. पत्र न मिळताच तुम्ही काम केलं, की तुम्ही काहीच केलं नाही, हे मी विचारणार नाही. नंतर मेहनाजने आसिमला फोन करून आर्णीकडची आवतनं विचारली आणि दोन्ही बाजूंच्या चुली एका कागदावर मोजल्या. राजूरच्या दोन धरून एकशे नव्याण्णव झाल्या. दोनशेवी तुमची. पत्र आता पोस्टाने पाठवतो आहे.